कलमांचा कोच

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल कोचना कोरा मुलगा चालत नसे. शाळेतून थेट आलेला, अजून कुठे न ठेचकाळलेला, उत्साहाने उड्या मारणारा मुलगा समोर आला की ते एकच विचारत, "दुसऱ्या कुठल्या कॉलेजातून आलायस का?" मुलगा नाही म्हणाला की, "मग आधी कुठंतरी जाऊन ये. तिथं नाय जमलं की मग बघू."

मी बहरीनमधल्या एका लहानशा खासगी कॉलेजच्या रजिस्ट्रार ऑफिसात काम करते. दुसऱ्या कॉलेजातून येणाऱ्या मुलांचे आधीचे विषय आमच्याशी जुळतात का ते बघायचं, कुठले क्रेडिट धरायचे ते ठरवायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्याच ट्रान्सफर मंजुरीला पाठवायच्या, हे माझं टेबल. त्यामुळे कोचची अख्खी टीम माझ्या खिडकीतून आत आली.

ते मूळचे रत्नागिरीकडचे, वाढले मुंबईच्या नागपाड्यात. नागपाड्यात पोरगं उभं राहायला लागलं की त्याच्या हातात बॉल देतात, असं ते सांगत. इथे दिवसा एका कार्गो कंपनीत क्लार्क होते आणि दुपारनंतर आमच्याकडे कोच. ऑफिसचे काळे बूट बदलायला त्यांना सवड नसे, आणि भाड्याने घेतलेल्या हॉलच्या लाकडी जमिनीवर ओरखडा गेलेला खपत नसे. म्हणून ते बुटांवरूनच जाड लोकरीचे मोजे चढवत. इस्त्रीची पँट, इन केलेला शर्ट आणि खाली अस्वलासारखे पाय, अशा थाटात ते कोर्टाच्या कडेने येरझाऱ्या घालत. मी वसईची, मराठी बोलते, हे कळल्या दिवसापासून त्यांनी 'मॅडम' सोडून मला 'बाय' म्हणायला सुरुवात केली. वयाने ते माझ्या थोरल्या भावाएवढे असतील.

"बाठा पुरून आंबा लावलास तर काय येईल?" त्यांनी मला एकदा विचारलं होतं. "रायवळ. तोही कदी धरेल त्याचा भरवसा नाय. हापूस पायजे तर कलम आणायचं. दुसऱ्याच्या बागेतलं, कापलेलं, जखम झालेलं. ते लवकर धरतं."

"आणि नाही जगलं तर?"

त्यांचा चेहरा उतरला. "तीच तर काळजी हाय ना गो. कलम जगेपर्यंत माणसाला झोप नाय."

ही काळजी त्यांच्या अंगात तापासारखी मुरलेली होती. जी मुलं एक कॉलेज सोडून आली ती दुसरंही सोडतील, ही भीती. संध्याकाळी प्रॅक्टिसला भेटणारच असलेल्या मुलांना ते जेवणाच्या सुट्टीत येऊन वर्गाच्या दाराच्या काचेतून बघून जात. आत शिकवणाऱ्या बाईंनी तक्रार केली, तर म्हणाले, "मी कुठं बोलतो? मी बघतो नुसता." मुलांच्या आयांना फोन करून जेवला का, झोपला का, कुणाचा फोन तर येत नाही ना, असं विचारत. एखादा खोकला तरी यांच्या कपाळावर आठी. मॅचमध्ये आपल्या मुलाला फ्री थ्रो मिळाला की ते बास्केटकडे पाठ फिरवत आणि समोर बसलेल्या लोकांच्या तोंडाकडे बघत. बॉल आत गेला की नाही ते त्यांना त्या चेहऱ्यांवरून कळायचं.

मुलगा निवडायची त्यांची रीतही कोर्टावरची नव्हती. ते त्याला बुसैतीनला आपल्या घरी जेवायला नेत आणि काट्यांची मासळी वाढत. पोरगं काटे कसे काढतं, वैतागून ताट सरकवतं की बोटांनी शोधत बसतं, हे बघत. "ज्याला काटा सापडत नाय त्याला मोकळा माणूस कसा सापडेल?" जेवण झालं की हात धुताना विचारायचे, "तिथं तुझं काय चुकलं?" 'माझं काही नाही, कोचच वाईट होता' असं उत्तर आलं की त्या मुलाला बडीशेप देऊन घरी पाठवत. तो पुन्हा दिसत नसे.

अशा रीतीने त्यांनी पाच जण जमवले. कुणाला गुडघ्यामुळे काढलं होतं, कुणी दोन विषयांत नापास झाला होता, एका फिलिपिनो मुलाला उंची कमी म्हणून कायम बाकावर ठेवलं होतं. आणि उमर. उमर सुदानी, जन्मापासून बहरीनमध्ये वाढलेला, विजेच्या खांबासारखा उंच. आधीच्या कॉलेजच्या कोचने भर मॅचमध्ये त्याच्या आईवरून काहीतरी म्हटलं, तेव्हा त्याने बॉल जमिनीवर ठेवला आणि तो हॉलमधून निघून गेला तो परत गेलाच नाही. "मॅच सोडून जाणारा" हे नाव त्याला चिकटलं होतं. आमच्या कोचनी विचारल्यावर तो म्हणाला होता, "मी बॉल ठेवायला नको होता. पास देऊन जायला हवं होतं." कोच खूश. पण त्या दिवसापासून त्यांची सगळ्यांत मोठी धास्तीही उमरच.

त्या पाचांनी आमचं कॉलेज जिंकायला लागलं. आधी आम्ही इतक्या सवयीने हरायचो की समोरची टीम आमच्या मॅचला आपली राखीव मुलं उतरवायची. आता हॉलमध्ये बसायला जागा पुरेना.

फक्त माझ्या घरात आनंद नव्हता. माझा मुलगा एल्टन त्याच टीममध्ये होता, जुन्या हरणाऱ्या टीममधला उरलेला एकटा. पाच कलमं आली आणि तो बाकावर गेला. मी प्रत्येक मॅचला समोर बसायची, तो खेळो न खेळो. नवरा जुफैरला हॉटेलात, त्याच्या शिफ्टचा नेम नाही, म्हटलं निदान आईने तरी बसावं. घरी मी विचारायची, आज का नाही खेळवलं? तो इंग्लिशमध्ये "इट्स फाइन, मम्मा" म्हणून खोलीत जायचा. दार लावून घ्यायचा. मी त्या दाराबाहेर उभी राहून ऐकत असे. आतून काहीच आवाज येत नसे.

शेवटी मी कोचना गाठलं. "माझा मुलगा पहिल्यापासून आहे. त्याचा काही हक्क नाही का?"

त्यांनी वाकून मोजे वर ओढले. "हाय ना. म्हणून तर काढला नाय."

मी तीन-चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ते मात्र रोज खिडकीशी येऊन माझ्याकडे न बघता उमरची हजेरी विचारून जात.

तेवढ्यात डीननी सांगितलं की मॅनेजमेंट टीमला कंटाळली आहे. यंदा फायनलला पोचलात तर पुढचं वर्ष, नाहीतर हॉल बंद, टीम बंद. कोचनी हे मुलांना सांगितलं नाही. स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि महिनाभरात त्यांची पँट कमरेला ढिली झाली.

सेमीफायनल एका दुपारी होती. मी ऑफिसातून लवकर निघून नेहमीच्या जागी, पुढून दुसऱ्या रांगेत बसले. मुलं कोर्टावर आली. मी मोजलं नाही, पण काहीतरी कमी आहे हे लगेच कळलं. उमर नव्हता.

कोच दाराशी जात होते, परत येत होते, फोन कानाला लावत होते. त्याचा फोन बंद होता. त्याच्या घरचं कुणी उचलत नव्हतं. मागच्या रांगेत कुणीतरी हसून म्हणालं, "गेला वाटतं, मॅच सोडून." रेफरीने घड्याळ दाखवलं. कोचनी एल्टनकडे बोट केलं आणि माझा मुलगा बाकावरून उठला.

मी टाळ्या वाजवायला हात वर केले, तर कोच कोर्ट सोडून, मोजे घातलेल्या पायांनी पायऱ्या चढत माझ्याकडेच येत होते.

"बाय, तू बाहेर जा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"बाहेर जाऊन बस. गाडीत."

"तो माझा मुलगा आहे. यंदा आज पहिल्यांदा खेळतोय तो!"

"म्हणूनच." त्यांनी आवाज खाली आणला. घामाने त्यांचा चष्मा घसरत होता. "तुझा पोरगा दर मॅचच्या आधी ओकतो. दर मॅचच्या. खेळायचं नसलं तरी. ऑफिसवाल्या मॅडमचा मुलगा म्हणून टीममध्ये हाय, असं त्याला बोलतात. बॉल हातात आला की तो आधी तुझ्याकडे बघतो, मग बास्केटकडे. तोवर बॉल कुणीतरी काढून घेतलेला असतो. मी त्याला बसवला तो काय शिक्षा म्हणून नाय गो. जा आता. माझ्यावर नंतर ओरड."

मी खाली बघितलं. एल्टन आमच्याकडेच बघत होता, चेहरा पांढरा फटक. मी पर्स उचलली आणि बाहेर गेले.

गाडी उन्हात तापली होती. मी काच खाली केली आणि आरशाला लटकवलेली रोझरी काढून हातात घेतली. प्रार्थना सुचेना. हॉलच्या भिंतीतून बॉलचे ठोके येत होते, बुटांची करकर, शिट्टी, मध्येच गर्जना. गर्जना कुणाची ते कळायला मार्ग नाही. एकदा सगळं अचानक गप्प झालं. इतकं गप्प, की मला वाटलं एल्टन पडला. मी गाडीचं दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला. मग पुन्हा बॉल वाजायला लागला आणि मी पाय आत घेतला. शेजारच्या मशिदीत असरची, तिसऱ्या प्रहरची अजान झाली. माझं पोर रोज माझ्यासमोर बसून जेवत होतं आणि ते ओकतंय हे मला कुणी परक्याने सांगावं लागलं होतं. 

एवढ्यात एक टॅक्सी थांबली आणि तिच्यातून उमर उतरला. अंगात जर्सी नव्हती, घरातला साधा शर्ट. तो मला बघून थबकला.

"मॅडम, स्कोअर काय आहे?"

"माहीत नाही."

"तुम्ही बाहेर का?"

"तू इतका वेळ कुठे होतास?" मी उलट विचारलं.

त्याने दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "एअरपोर्टला. बाबांची नोकरी गेली. सगळे कैरोला गेले, मामाकडे. फ्लाइटला उशीर झाला, आणि आई हात सोडत नव्हती." मग तो धावत आत गेला.

मला सुटल्यासारखं झालं. तो आला, आता एल्टन बसेल, मॅच जिंकतील, संपलं. कान देऊन मी वाट बघत राहिले. पुढची गर्जना एवढी मोठी झाली की पार्किंगमधली कबुतरं उडाली. मग शिट्टी. मग दारं उघडून लोक बाहेर यायला लागले, आणि ते आमचे लोक नव्हते. ते हसत होते.

कोच सगळ्यांत शेवटी आले. माझ्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभे राहिले. मोजे काढायचे विसरले होते.

"हरलो. एका बास्केटने."

"उमर आत आला होता ना?"

"आला होता. मी बसवला."

"का? त्याला घेतला असता तर—"

"आईबापाला विमानात बसवून आलेल्या पोराला मी पळवू?" ते तडकले. मग निवळून म्हणाले, "तुझा पोरगा शेवटपर्यंत खेळला. शेवटचा शॉट त्यानेच मारलान. रिंगवर बसला, फिरला, आणि बाहेर आला. पण मारलान, बाय! समोर दोघं उड्या मारत होते तरी मारलान. तू आत असतीस तर पास करून टाकला असतान."

मी त्यांच्यावर ओरडायचं ठरवलं होतं. गाडीतून उतरलेही. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "त्याला आता कसं वाटतंय?"

"आत जाऊन बघ. नाय, नको. तो येईल."

एल्टन आला, गाडीत बसला, आणि आम्ही घरी आलो. घराखाली गाडी लावल्यावर तो समोर बघत हळूच म्हणाला, "मम्मा, आय वॉन्ट टू ट्रान्सफर." मी म्हटलं, "हो."

टीम बंद झाली. डीननी कोचना बोलावून विचारलं की हुकमी खेळाडू बाकावर ठेवून तुम्ही हरलात कसे. त्यावर कोच काय म्हणाले ते मला माहीत नाही; बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल होते. दुसऱ्या दिवसापासून ते उलट कामाला लागले. जी मुलं शोधून शोधून आणली होती, ती आता इतरांच्या गळ्यात घालायची. जुनी कोरोला घेऊन ते कॉलेजं फिरले. ज्या कोचशी भांडून उमर निघाला होता त्याच्याकडेसुद्धा जाऊन आले, अर्थात तिथे उमर सोडून दुसऱ्याला घ्या म्हणायला. अमवाजला राहणाऱ्या एका कोचच्या बिल्डिंगखाली ते दोन शुक्रवार बसून राहिले. शेवटी सहाही जणांची सोय झाली, एल्टनची धरून. मुलांना खेळायला मिळालं पाहिजे, बाकी काही नाही, असं ते म्हणत. पण प्रत्येक जागा ठरली की ते आनंदाने सांगायला येत आणि सांगून झालं तरी खिडकीशी रेंगाळत.

ट्रान्सफर घ्यायचा शेवटचा दिवस गुरुवार होता. एल्टनचं काम सकाळीच झालं. कोच कार्गो ऑफिसातून रजा घेऊन आले आणि माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर बसले. पाच जण यायचे होते.

दुपार झाली, कुणी आलं नाही. त्यांनी फोन लावले. वाजत होते, उचलत नव्हते.

"पाचही जण?" ते म्हणाले. "अपघात तर नाय झाला? एकाच गाडीने निघाले असतील तर?"

"येतील हो."

"तुला म्हाईत नाय. उमर हल्ली बोलत नाय. त्याचा व्हिसा आपल्या कॉलेजवर हाय, तो राहील. पण आज तिकडं नाव लागलं नाय तर त्या पोराने खेळायचं कुठं?" ते उठले, जिन्यापर्यंत गेले, परत आले, वेलदोड्याचं साल चावत राहिले. ऑफिस बंद व्हायची वेळ झाली. मी काच ओढायला हात लावला, तर त्यांनी खिडकीवर हात ठेवला. "थोडं थांब गो बाय. इंशाल्ला येतील."

मी थांबले. पण सिस्टिम आपोआप बंद होते, ती कुणासाठी थांबत नाही. स्क्रीन मिटली तशी मी मान हलवली. त्यांचा हात काचेवरून घसरला. एकाएकी ते फार म्हातारे दिसले.

आम्ही दोघं जिना उतरलो. खालच्या पायऱ्यांवर पाचही जण ओळीने बसले होते, लांबच लांब पाय पसरून. कँटीनचे चहाचे कप शेजारी. सकाळपासून तिथेच होते.

उमर मला म्हणाला, "मॅडम, खिडकी बंद झाली?"

"झाली."

"खलास," तो म्हणाला, आणि पाचही जणांनी श्वास सोडला.

मग कोच फुटले. नागपाड्याच्या अस्सल हिंदीत त्यांनी त्या मुलांचा जो उद्धार केला तो इथे लिहिता येणार नाही. तुमच्यासाठी किती दारं झिजवली, फोन का उचलत नाही, मेलात असं वाटलं मला! मुलं ऐकत बसली. ते दमले तेव्हा उमर म्हणाला, "कोच, दर वेळी नवं कॉलेज, नवी मुलं, सगळं पहिल्यापासून. आता घरचेही इथे नाहीत. मला पुन्हा नवा व्हायचं नाही."

"आणि खेळणार कुठं? टीम नाय, हॉल नाय!"

फिलिपिनो मुलगा म्हणाला, "शुक्रवारी समुद्राजवळ उघड्या कोर्टवर आमच्या लोकांची लीग असते. मी बोललोय. कुठलीही टीम चालते. फक्त कोच लागतो."

कोच पायरीवर बसले. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला लागले, आणि पुसतच राहिले. मुलं दुसरीकडे बघू लागली. मी मनाशी म्हटलं, ज्यांच्या जाण्याच्या भीतीने हा माणूस झिजला ते पाचही राहिले. आणि गेला तो कधी कुठे न गेलेला माझा मुलगा.

थोड्या वेळाने ते उठले. "यल्ला, गाडीत बसा." पाचही जण त्या कोरोलात कसे मावले देव जाणे. एकाचं डोकं खिडकीबाहेर होतं. गाडी सुरू करून ते थांबले आणि काच खाली करून मला बोलावलं.

"एल्टनला सांग, तिकडं बाकावर बसवलानी तर चिडू नको. आणि तिकडचं सोडून इकडं परत यायचं नाय, मी घेणार नाय."

"सांगते."

गाडी थोडी पुढे गेली आणि पुन्हा थांबली.

"शुक्रवारी आला तर चालेल."